समेट कोणी करायचा? आदिवासी स्त्रियांचं नेतृत्व आणि आपला इतिहास

बिबवेवाडीतल्या या व्याख्यानमालेत आज आपल्याला इतिहासाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात एका शब्दापासून करू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द नीट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही ही खोड लागलेली आहे. आजचा शब्द आहे 'समेट'.

मराठीत भांडण संपवायला शब्द पुष्कळ आहेत. तडजोड आहे, सलोखा आहे, दिलजमाई आहे, मनोमिलन आहे. 'प्रकरण मिटवून टाकणं' तर रोजच्या वापरातलं. बारकाईने पाहिलं तर यांचे अर्थ एक नाहीत. तडजोडीत दोघेही थोडंथोडं सोडतात. प्रकरण मिटवण्यात बहुतेक वेळा दुबळा सोडतो आणि बळकट सुटतो. समेटाचा अर्थ याहून खोल आहे. आधी काय झालं ते दोन्ही बाजूंनी मान्य करायचं, गेलेलं शक्य तेवढं परत करायचं आणि मग पुढे एकत्र राहायचं, याला समेट म्हणायचं. यातलं पहिलं पाऊल गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारली तर तो समेट होत नाही, नुसती शांतता होते. अशी शांतता दडपूनही आणता येते.

हा शब्द गेल्या तीसचाळीस वर्षांत जगाच्या राजकारणात फार आला. कॅनडात मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जाई. सुमारे दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली. त्याची चौकशी करायला 'सत्य आणि समेट आयोग' नेमला गेला आणि त्याने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. नावातला क्रम बघा : आधी सत्य, मग समेट. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. पण तिथल्या मूलनिवासींना राज्यघटनेत सल्ल्याचा अधिकार द्यायचा की नाही, यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वमत झालं तेव्हा बहुसंख्यांनी नकार दिला. म्हणजे माफीचा शब्द देणं सोपं गेलं, अधिकार देणं अवघड गेलं.

न्यूझीलंडची गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १९७५ साली माओरींच्या उरल्यासुरल्या जमिनी वाचवण्यासाठी उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटरची पदयात्रा निघाली. तिच्या अग्रभागी व्हिना कूपर नावाच्या बाई होत्या, वय ७९. त्याच वर्षी तिथे वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं आणि माओरींच्या तक्रारी ऐकायची कायदेशीर जागा तयार झाली.

आता प्रश्न आपल्याकडचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे दर अकरा माणसांत एक. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, पावरा, कातकरी, कोलाम, कोरकू. यांच्याशी आपला समेट झालाय का? झाला असेल तर कधी? आणि त्यात त्यांच्या बायका कुठे होत्या?

हॅना आरेंट या विदुषीने 'ह्यूमन कंडिशन' या १९५८ च्या ग्रंथात क्षमेचा विचार केला आहे. त्यातला एक मुद्दा असा की, ज्याला शिक्षा करता येत नाही त्याला क्षमाही करता येत नाही. आम्ही हाच मुद्दा थोडा पुढे नेतो. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ नाही. सालदाराने मालकाला 'तुमच्यावर माझा राग नाही' म्हटलं, तर ते मनापासून आहे की उद्याच्या भाकरीसाठी आहे, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. म्हणून समेटाच्या आधी एक गोष्ट घडावी लागते. दुबळ्या बाजूच्या हातात नकाराची ताकद यावी लागते. त्या बाजूतही जी सर्वांत खाली दबलेली असते तिच्याकडे, म्हणजे बाईकडे, ती यावी लागते. नेतृत्व हा शब्द आज आपण या अर्थाने वापरणार आहोत. व्यासपीठ आणि हार यांचा संबंध नंतर.

चला खानदेशात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल नाईक काही सहज शरण जाईनात. काही वर्षं फौजा पाठवून झाल्या. मग १८२५ मध्ये धोरण बदललं. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, जेम्स आउटरम या अधिकाऱ्याने भिल्लांचंच एक लष्करी पथक उभं केलं, जमिनी दिल्या, तगाई दिली. इंग्रजी दप्तरात या सगळ्याचं वर्णन 'शांत करणं' असंच येतं. सरकार आणि नाईक यांच्यातला हा एक प्रकारचा समेट होता आणि तो काही काळ टिकलाही. पण नकाराची ताकद एकाच बाजूकडे होती. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले, एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली, आणि ती शांतता किती पातळ होती हे कळलं. त्या लढाईनंतर स्त्रियांनाही कैद केल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे करार करताना बायका नव्हत्या आणि शिक्षा भोगताना होत्या.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत जे झालं ते बंदुकीने झालं नाही. ते कागदाने झालं. जमिनीची मोजणी झाली, सारा रोखीत आला, रोखीसाठी सावकार आला, सावकाराकडे जमीन गहाण पडली, गहाणाची खरेदी झाली. वनखातं आलं आणि जंगल सरकारचं झालं. अबकारी कायदा आला आणि मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं, दारू मात्र दुकानात मिळू लागली. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. तापीकाठची काळी जमीन अशी हातातून गेली.

या साखळीतली दारूची कडी नीट लक्षात ठेवा. १९२२ साली एक विलक्षण चळवळ उठली. पालघरच्या किनाऱ्याकडून निघून ती डोंगरपट्ट्यातून डांगात, दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खानदेशाकडे पसरली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येई आणि सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, दारू विकणाऱ्या सावकाराचं काम करू नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. हजारो आदिवासींनी दारू टाकली. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की, सावकाराला 'नाही' म्हणायला त्या वेळी देवीचा आवाज लागला. माणसाच्या आवाजाला तेवढं वजन नव्हतं. पन्नास वर्षांनी शहादा तालुक्यातल्या बायकांनी हीच गोष्ट केली, पण त्यांनी देवीला मध्ये घेतलं नाही.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी या तालुक्यात ऊस, कापूस, केळी जोरात होती आणि त्या पिकांमागे भिल्ल सालदार होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, जीव गेला, आणि महाराष्ट्राचं लक्ष तिकडे वळलं. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते आधीपासून तिथे संघटन करत होते. सर्वोदयाच्या वाटेने आलेले आणि शहरांतून आलेले तरुण त्यांना मिळाले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भू-मुक्ती मेळावा भरला आणि त्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या तीन प्रकारच्या होत्या : गेलेल्या जमिनी परत, सालदाराला नीट मजुरी, आणि दुष्काळी कामं. १९७२ चा दुष्काळ या सभागृहातल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. मिलो ज्वारी खाल्लेली पिढी आहे ही.

या चळवळीत बायका सुरुवातीपासून होत्या. मोर्चात पुढे, घोषणांत पुढे, शेतावरच्या संपात पुढे. मजुरीसाठी मालकाशी वाद झाला की पुरुष दबकत, बायका बोलत. याचं कारणही साधं होतं. पुरुषाचं नाव सालदार म्हणून मालकाच्या वहीत बांधलेलं असे आणि डोक्यावर उचल असे. बाई रोजंदारीवर होती, वहीत नव्हती. जिला हिशोबातच धरलेलं नाही तिला हिशोबाची भीती कमी. मारिया मीज या जर्मन अभ्यासिकेने आणि पुढे गेल ऑम्वेट यांनी या चळवळीवर लिहिलं, त्यांनी बायकांच्या या पुढाकाराची आवर्जून दखल घेतली आहे.

मग बायकांची वेगळी शिबिरं झाली. जमिनीवर आणि मजुरीवर बोलता बोलता त्या घरावर बोलू लागल्या. नवरा पितो, मारतो, मजुरीचे पैसे गुत्त्यावर जातात. एकीने सांगितलं की दुसरी सांगे, आणि घराघरातलं गुपित हा गावाचा प्रश्न झाला. मग त्या उठल्या आणि हातभट्टीवर गेल्या, मडकी फोडली. एका गावातून दुसऱ्या गावात हे पसरत गेलं. पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत आणून जाब विचारला गेला आणि त्याला बायकोची जाहीर माफी मागावी लागली.

या जाहीर माफीवर जरा थांबू. चारचौघांत उभं राहून 'मी हे केलं' असं म्हणायचं, ज्याच्यावर केलं त्याच्यासमोर म्हणायचं, आणि पुन्हा केलं तर गाव पाहून घेईल हे मान्य करायचं. कॅनडाच्या आयोगाने जे देशाच्या पातळीवर करू पाहिलं, त्याचा सगळा आराखडा इथे ओसरीवर हजर आहे. सत्य आहे, साक्षीदार आहेत, पुढची हमी आहे. आणि सगळं झाल्यावर ती बाई त्याच नवऱ्याबरोबर घरी जाते. जमिनीच्या प्रश्नावर हेच दोघं उद्या पुन्हा एकत्र मोर्चात चालणार आहेत. घर मोडायला त्या बाहेर पडल्या नव्हत्या. पण ते घर कुठल्या अटीवर टिकेल, ती अट त्या दिवशी बाईने घातली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर दिशेने येतो. आदिवासी संस्कृतीत मोहाची दारू पितरांना वाहतात, लग्नाला लागते, देवाला लागते. मग दारूबंदी ही बाहेरच्या नीतिवाद्यांची लादणूक नाही का? आम्हाला वाटतं, बायकांनी यातला फरक पुस्तकी माणसांपेक्षा नेमका ओळखला होता. पितरांपुढे पानात ओतलेली धार वेगळी आणि उधारीच्या वहीत चढणारी बाटली वेगळी. पहिलीने कुणाची जमीन गेली नाही. पुढे गडचिरोलीतही दारूविरोधी मोठी लोकचळवळ झाली, तिच्यामागे गावोगावच्या बायका होत्या, आणि १९९३ मध्ये तो जिल्हा दारूबंदीखाली आला. १९९६ च्या पेसा कायद्याने तर अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेकडे असावा, हे तत्त्व कायद्यातच घातलं.

आता १९७२ मध्येच घडलेली दुसरी गोष्ट. ठिकाण देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. मार्च महिन्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा आशय. मघाशी आम्ही म्हणालो की जिला 'नाही' म्हणायची सोय नाही तिच्या 'हो'ला अर्थ नाही. रात्रीचं पोलीस ठाणं, गणवेशातली माणसं आणि एक मजूर मुलगी, आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय तिच्या गप्प राहण्याला होकार समजतं!

सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार दिल्लीचे, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर आपल्या पुणे विद्यापीठाचे. संमती आणि शरणागती यांत फरक आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असं गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हा आली. भारतातल्या प्रत्येक बाईला हे संरक्षण एका आदिवासी मुलीच्या न्यायाला मुकण्यातून मिळालं. तो खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. आम्ही ते नाव इथे घेत नाही. शहाद्याच्या ज्या बायकांची नावं इतिहासात सोन्यासारखी लिहायला हवी होती, त्या बहुतेक लिखाणात 'आदिवासी महिला' एवढ्याच उल्लेखाने येतात. आणि जिचं नाव झाकायला हवं होतं ते कायद्याच्या पुस्तकांत छापलं गेलं. इतिहास लिहिणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींचा विचार केला पाहिजे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर जमिनीकडे परत येऊ. शहाद्यासारख्या चळवळींच्या रेट्यात महाराष्ट्राने दोन कायदे केले. त्यातला एक, आदिवासींना जमिनी परत देण्याबाबतचा, १९७५ मध्ये लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करायची सोय त्यात होती. व्हिना कूपर न्यूझीलंडात चालत होत्या त्याच वर्षीची ही गोष्ट. समेटाचं दुसरं पाऊल, गेलेलं परत करणं, निदान कागदावर पडलं. पण सातबाऱ्यावर नाव येणार ते बहुधा कुटुंबातल्या पुरुषाचं. ज्या बायका मोर्च्यात पुढे होत्या त्या उताऱ्यावर नव्हत्या.

पहिलं पाऊल, म्हणजे कबुली, तिला आणखी तीस वर्षं लागली. २००६ चा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या प्रास्ताविकात संसदेने मान्य केलं आहे की जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क नोंदले गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर 'ऐतिहासिक अन्याय' झाला. आपल्या देशात कुणी पंतप्रधान संसदेत उभं राहून आदिवासींची माफी मागितली, असं झालेलं नाही. पण हे दोन शब्द कायद्यात आहेत. ते संसदेने लिहिलेत, म्हणजे तुमच्या-आमच्या वतीने लिहिलेत. म्हणून आम्ही या कायद्याला भारताचा समेटाचा कागद म्हणतो.

या कागदात बाई आहे. विवाहितांना मिळणारा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेच्या गणपूर्तीतही हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. शहाद्यात बाईने जी जागा स्वतः पुढे होऊन घेतली, ती जागा चौतीस वर्षांनी कायद्याने मान्य केली.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव तुम्ही ऐकलं असेल. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाने हात वर करून 'नाही' म्हटलं की चर्चा पुढे चालू. आमच्यासारख्या शहरी माणसाला हे वेळखाऊ वाटतं. पण विचार करा, बहुमताच्या सभेत गप्प बसलेली बाई मोजलीच जात नाही. सर्वसहमतीच्या सभेत तिला विचारावंच लागतं. नकाराची ताकद ती हीच, आणि ती इथे रोजच्या रीतीत बसवलेली आहे.

मात्र आदिवासी समाजात सगळं समतेचंच आहे असं सुंदर चित्र काढणं हाही अन्यायच होईल. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवून मारझोड करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार झालेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला याची दखल घ्यावी लागली. अनेकदा या आरोपामागे विधवेची जमीन असते. जातपंचायतीत बसणारे पुरुषच असतात. म्हणून आदिवासी बाईचं नेतृत्व दोन आघाड्यांवर चालतं. बाहेरच्याला सांगायचं, आमची जमीन परत दे. घरच्याला सांगायचं, त्या जमिनीत माझंही नाव घाल. पहिल्या आघाडीवर लढताना दुसरी गोष्ट काढू नकोस, एकी फुटेल, असं तिला नेहमी सांगितलं जातं. शहाद्याच्या बायकांनी हे ऐकलं नाही आणि एकी फुटली नाही, हा त्यांच्या चळवळीचा धडा आहे.

नजुबाई गावित यांचं उदाहरण घ्या. धुळे-नंदुरबार भागातल्या आदिवासी कार्यकर्त्या, शरद पाटील यांच्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाबरोबर काम केलेल्या. त्यांची 'तृष्णा' ही आत्मकथनात्मक कादंबरी मराठीत आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पुण्यात जन्मलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री सभासद असलेल्या गोदूताई १९४५ मध्ये वारल्यांत गेल्या, आणि लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही जमीनदाराचे गुलाम करणारी 'लग्नगडी'ची पद्धत त्या लढ्याने मोडली. हे पुस्तक थोरच आहे. पण ते जवळ जाऊन पाहणाऱ्या मोठ्या मनाच्या माणसाचं आहे. नजुबाईंचं लिखाण आतून आलेलं आहे. तिथे आपण पाहणारे राहत नाही, आपल्याकडे पाहिलं जातं. समेटासाठी दोन्ही पुस्तकं लागतात.

आणि नेतृत्व दर वेळी मोर्च्याच्या पुढेच असतं असंही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. त्यांनी गावठी बियाणं जपलं, वाटलं, बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या ज्ञानाला शेतीखात्याच्या भाषेत 'मागासलेलं' म्हटलं जाई, ते शिकायला आज कृषी पदवीधर त्यांच्या अंगणात जातात. कोण शिकवणार आणि कोण ऐकणार याची उलटापालट होणं, हाही समेटाचाच भाग आहे.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनातला प्रश्न. 'हे सगळं उकरून काढून काय मिळणार? झालं ते झालं, आता सगळे सारखे.' आपल्या राज्यात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. हेतू चांगला, कोर्टकचेऱ्या कमी व्हाव्यात. पण तंटा मिटणं आणि अन्याय मिटणं या दोन गोष्टी वेगळ्या. सावकाराच्या गावी पन्नास वर्षं एकही तंटा नसेल, कारण तंटा करायची कुणाची छाती नव्हती. ते गाव तंटामुक्त म्हणायचं का? डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधानसभेत बजावलं होतं की राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांचा अंतर्विरोध फार काळ ठेवला तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. बंधुता हवी असेल तर आधी हिशोब सरळ हवा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले, त्यात आदिवासी फार मोठ्या संख्येने होते आणि वनहक्काचे दावे ही मोठी मागणी होती. एका बाईच्या भेगाळलेल्या, सोलवटलेल्या पायांचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. कायदा होऊन बारा वर्षं झाल्यावरही त्या पायांना चालावं लागलं. कबुलीचा कागद आहे, वसुली अजून बाकी आहे.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. आदिवासी म्हणजे फक्त सातपुडा आणि गडचिरोली नव्हे. आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्र आहे. घोड नदीवर डिंभे धरण झालं, जुनं आंबेगाव आणि महादेव कोळ्यांची गावं पाण्याखाली गेली. काही कुटुंबं वर डोंगराला सरकली आणि उतारावर 'पडकई' करून, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबून बांध घालत, भातखाचरं तयार करू लागली. त्या कामात बायका बरोबरीने असतात. खाली कालव्याच्या पाण्यावर जो भाजीपाला पिकतो तो मार्केट यार्डात येतो, आणि मार्केट यार्डातून आपल्या बिबवेवाडीच्या पिशव्यांत. बुडालेल्या गावाशी आपला संबंध रोज सकाळी जेवणाच्या ताटातून येतो.

मग आपण करायचं काय? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, आदिवासी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पुण्यातच आहे, नातवंडांना घेऊन जा. तिथल्या वस्तू पाहताना त्या करणाऱ्या हातांबद्दल विचारा, आणि त्या हातांच्या नावावर जमीन आहे का, हेही विचारा. दोन, 'तृष्णा' वाचा. तीन, आणि ही सर्वांत अवघड : आदिवासी बाई बोलत असेल तिथे आपण तिच्या वतीने बोलू नये. पुण्याला वतीने बोलायची फार सवय आहे.

समेट कोणी करायचा, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न होता. कबुली द्यायची आणि परत करायचं, हे ज्यांच्याकडे आहे त्यांनी. कुठल्या अटीवर पुढे एकत्र राहायचं हे ठरवायचं मात्र जिच्यावर अन्याय झाला तिने. शहाद्याच्या ओसरीवर १९७२-७३ मध्ये तिने ते ठरवून दाखवलं आहे. तिची अट ऐकायला आपण बसणार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.

इथे थांबतो. चर्चेला वेळ आहे, आक्षेप जरूर घ्या.